बदकांचा आहार आणि पुढची पिढी

केरळमधील कुट्टनाड हा समुद्रसपाटीहूनही सखल असा भातशेतीचा प्रदेश होय. भाताची कापणी संपली की तेथील बदकपालक आपले मोठाले कळप मोकळ्या खाचरांत उतरवतात. ‘चारा’ व ‘चेंबल्ली’ या तेथील देशी जाती. चिखलात सांडलेले दाणे, गोगलगायी, किडे, बारीक मासे असे सारे ही बदके चोचीने गाळून खातात. दाण्यांतून ऊर्जा, मासे व किड्यांतून प्रथिने आणि गोगलगायींच्या शंखांतून कॅल्शियम त्यांना आपोआप मिळते. तीच बदके केवळ भाताच्या कोंड्यावर ठेवली तर अंडी घटतात, कवचे पातळ होतात. कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो, कॅल्शियम मात्र नाममात्र.

पिलांसाठी ठेवलेल्या अंड्यांबाबत प्रश्न अधिक नाजूक आहे. अंडे म्हणजे मादीने बांधून दिलेली शिदोरी. बदकाचे अंडे उबण्यास सुमारे २८ दिवस लागतात (मस्कोव्ही जातीत सुमारे ३५), आणि या काळात आतील जिवाला बाहेरून हवेखेरीज काही मिळत नाही. मादीच्या खाद्यात जे नव्हते, ते शिदोरीतही नसते. रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचेच पाहा. अंडी घालण्यापुरते ते थोडके पुरते. पण भ्रूणाच्या वाढीसाठी अधिक लागते. त्यामुळे अंड्यांची संख्या ठीक दिसते, आणि पिलू मात्र कवचातच मरते. पालक बिचारा उबवणयंत्राला दोष देत राहतो! नायसिनची गोष्टही अशीच. बदकाचे शरीर हे जीवनसत्त्व स्वतः फारसे तयार करू शकत नाही. म्हणून त्याची गरज कोंबडीपेक्षा जास्त असते. कोंबड्यांचे खाद्य जसेच्या तसे घातल्यास पिलांचे पाय वाकडे होण्याचा धोका असतो.

कवचाचे गणित वेगळे आहे. सुमारे ७० ग्रॅमच्या अंड्याचे कवच जवळजवळ पूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात. म्हणजे कवच घडते ते रात्री, खाद्य समोर नसताना. ती उणीव मादी आपल्या हाडांतील साठ्यातून भरून काढते. संध्याकाळच्या खाद्यात शिंपल्यांचा भरड चुरा मिसळला तर तो पोटात हळूहळू विरघळतो आणि हाडांवरचा भार हलका होतो. तडे गेलेल्या वा पातळ कवचातून ओलावा उडून जातो, जंतू आत शिरतात. असे अंडे उबवणीस निरुपयोगी.

भरपूर खाऊ घातले म्हणजे भरपूर पिले मिळतील, ही समजूतही खरी नाही. मांसासाठी वाढवलेल्या पेकिन जातीची बदके मोकळे खाद्य मिळताच चटकन लठ्ठ होतात. लठ्ठ मादी कमी अंडी देते आणि जड झालेल्या नराला मिलन जमत नाही. म्हणून प्रजननासाठी राखलेल्या कळपाला मोजूनच खाद्य देतात. साधारणतः पाच-सहा माद्यांमागे एक नर ठेवला जातो. तेव्हा एका नराची उणीव अनेक अंड्यांत उतरते. नराच्या खाद्यात ‘ई’ जीवनसत्त्व कमी पडल्यास शुक्राणूंची गुणवत्ता ढासळते.

मात्र सर्वांत घातक ठरते ती बुरशी. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. बदकांची पिलेही मेली. कारण निघाले ब्राझीलहून आलेल्या बुरशीयुक्त शेंगदाण्याच्या पेंडीत, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. पाळीव पक्ष्यांत बदकाला हे विष विशेष बाधते. ते यकृतावर घाला घालते. अंड्याच्या बलकाचे घटक यकृतातच तयार होत असल्याने अंडी व उबवण दोन्ही घटतात. दमट हवेच्या प्रदेशात भुईमुगाची पेंड आणि मका म्हणूनच कोरड्या जागी, जमिनीपासून उंच फळीवर ठेवतात. बदकांना ओले खाद्य आवडते खरे, पण कालवलेले खाद्य त्याच दिवशी संपवावे लागते. उरलेले दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरत नाहीत.