सणाचं गाणं, आडवारी

ज्यू सणांचं संगीत ध्वनिमुद्रिकांमध्ये शोधू लागलं की एक अडचण पहिल्यांदा समोर येते. प्रत्यक्ष सणाच्या दिवशी केलेलं मुद्रण फार क्वचित सापडतं. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि रोश हशाना, योम किप्पूर, पेसाहचा पहिला दिवस अशा मोठ्या सणांना धर्मनियम काटेकोर पाळणारे ज्यू लिहीत नाहीत, विजेचं बटण दाबत नाहीत. मग यंत्र कोण चालवणार? परंपरानिष्ठ सिनेगॉगमध्ये त्या दिवशी वाद्यंही वाजत नाहीत. सुधारणावादी मंडळींची प्रथा वेगळी आहे, पण जुन्या चालींचा मोठा साठा परंपरानिष्ठ घराण्यांकडेच होता. म्हणून आपण ऐकतो तो बहुतेक आवाज सणाचा असला तरी आडवारी मुद्रित केलेला असतो. ध्वनिमुद्रिका ऐकताना हे ध्यानात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

‘कोल निद्रे’ या पाठाचं उदाहरण घ्या. योम किप्पूरच्या आदल्या सायंकाळी हे तीनदा म्हणतात. पहिल्यांदा हलक्या आवाजात, मग प्रत्येक वेळी चढत्या स्वरात. तो चढच त्याचा जीव आहे. चारेक मिनिटांच्या जुन्या तबकडीत तो मावत नाही. योसेले रोझेनब्लाट (1882–1933) या थोर हझ्झानने, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणाऱ्या गायकाने, ‘कोल निद्रे’ तबकडीवर दिलं. पण 1927 च्या ‘द जॅझ सिंगर’ या चित्रपटात ते गाण्यास त्यांनी नकार दिला. पडद्यावर ते एका मैफलीत वेगळं गाणं म्हणताना दिसतात. अनेक मुद्रणांत आणखी एक खूण ऐकू येते. देवाचं नाव वृथा उच्चारलं जाऊ नये म्हणून गायक त्या जागी ‘हाशेम’ किंवा ‘अदोशेम’ म्हणतो. त्या एका शब्दावरून कळतं, की ही प्रार्थना नाही, प्रार्थनेची नोंद आहे.

अशा नोंदींचं सर्वांत मोठं घर जेरुसलेममध्ये आहे. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ध्वनिसंग्रह 1964 साली सुरू झाला, पण त्या कामाचं मूळ जुनं आहे. लॅटव्हियात जन्मलेले संगीत-संशोधक अव्राहम झ्वी इडेलसोन जेरुसलेममध्ये येऊन राहिले, तेव्हा त्या एकाच शहरात येमेनी, इराकी, इराणी, बुखारी, सेफार्दी अशा निरनिराळ्या पेठांतून एकाच प्रार्थनेच्या निरनिराळ्या चाली ऐकू येत होत्या. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीच्या फोनोग्राफवर त्यांनी 1911 ते 1913 या काळात त्या मेणाच्या चकत्यांवर घेतल्या. एका चकतीत दोनेक मिनिटं बसायची. अख्खी रात्र चालणाऱ्या उपासनेतलं नेमकं काय घ्यायचं, हे निवडण्यातच त्यांचा कस लागला असणार. त्या चकत्या व्हिएन्नाच्या संग्रहाने जपल्या आणि 2005 मध्ये सीडीवर आणल्या. पुढे 1935 साली रॉबर्ट लाखमान हे दुसरे संगीत-संशोधक बर्लिनहून आपली यंत्रं आणि मुद्रणं घेऊन जेरुसलेमला आले. नाझी राजवटीत त्यांची नोकरी गेली होती. अवघ्या तीनेक वर्षांत, मृत्यूपूर्वी, त्यांनी तिथे जवळपास हजार मुद्रणं केली.

आज या संग्रहात शोधायचं तर नुसतं ‘पेसाह’ म्हणून भागत नाही. गीताची पहिली हिब्रू ओळ आणि समाज, ही जोडी हाताशी हवी. एकाच पियूटच्या, म्हणजे उपासनेतल्या गीताच्या, मोरोक्कोच्या आणि बगदादच्या चाली शेजारी शेजारी ऐकता येतात, आणि त्यांचं एकमेकींशी नातं आहे हेही चटकन पटत नाही.

मराठी वाचकाने इथे आणखी एक दार ठोठावावं. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची सणांची नावंच मराठी होती: रोश हशाना तो नव्याचा सण, पुरीम तो होळीचा सण, तिशा बआवचा उपास तो बिरड्यांचा सण. 1874 साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा छापला गेला, म्हणजे पेसाहच्या रात्री घरी वाचायची पोथी. शब्द कागदावर राहिले. चाल मात्र म्हणणाऱ्याच्या गळ्यात. 1948 नंतर त्यांतले बहुतेक जण इस्रायलमधल्या लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा गावी गेले आणि चालीही त्यांच्याबरोबर गेल्या.

त्यांच्या बाबतीत मुद्रणाला एक वाट मोकळी आहे. ‘एलियाहू हन्नाबी’ हे गीत ते मलिद्याच्या वेळी गातात. पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचं ताट मांडून केलेला हा विधी नवसाला, शुभकार्याला आणि तू बिश्वात या झाडांच्या सणाला होतो. त्या दिवशी कामाची बंदी नसते, म्हणून यंत्र ताटाशेजारी चालू ठेवता येतं. बेने इस्राएलांनी एकोणिसाव्या शतकात उचललेल्या कीर्तनाचंही तसंच. योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी चालींत गाताना टेप लावायला कुणाची हरकत नाही. म्हणून ज्याला ज्यू सणाचा आवाज जागच्या जागी, थाळ्यांच्या आणि मुलांच्या गलबल्यासकट ऐकायचा आहे, त्याने योम किप्पूरच्या तबकड्यांआधी मलिद्याची मुद्रणं मागावीत. हनुक्का आणि पुरीमची मागावीत तीही याच कारणाने.