कादंबरीतला मालवणी शब्द

आरवलीच्या जयवंत दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये निवेदन प्रमाण मराठीत चालते, पण पात्रे तोंड उघडतात ती मालवणीत. परगावच्या वाचकाला अनोळखी शब्द भेटतो तो बहुधा या सांध्यावर, आणि अर्थ लावायचा तो आजूबाजूच्या वाक्यांवरूनच.

‘झील’ हा त्यातला सोपा शब्द. हिंदीची सवय असलेल्याला आधी तळे दिसते, तमाशातले झीलकरी ठाऊक असणाऱ्याला पालुपद. पण एखादी म्हातारी ‘माझो झील मुंबयक आसता’ म्हणाली की दोन्ही अर्थ गळतात. ‘माझो’ शब्दाचे पुल्लिंग सांगतो, मुंबईत राहणारे ते माणूसच असणार, आणि कोकणातल्या म्हातारीचे मुंबईत कोण असते हे कुणाला सांगावे लागत नाही. झील म्हणजे मुलगा. ‘चेडू’ मात्र चकवतो. ‘चेडू इला’ वाचून मुलगा आल्यासारखे वाटते. मुलगा असता तर मालवणीत ‘इलो’ झाले असते. चेडू म्हणजे मुलगी, शब्द नपुंसकलिंगी, आणि ‘इलां’वरचा अनुस्वार छपाईत अनेकदा गळतो.

खरा धोका ओळखीच्या शब्दाचा, कारण तिथे वाचक थांबतच नाही. ‘गाऱ्हाणे’ म्हणजे तक्रार, असे धरून तो पुढे जातो. मग देवळात एकजण देवाला मोठ्याने साकडे घालतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, आणि तक्रार कुठेच सापडत नाही. दक्षिण कोकणात गाऱ्हाणे ही देवापुढची रीतसर विनवणी असते. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ नाटकाने ती मुंबईच्या रंगभूमीवर नेली, म्हणून हा अर्थ आज पुष्कळांच्या कानावर तरी आहे.

कामधंद्याच्या शब्दांना एक प्रसंग पुरत नाही; रोजचे काम पात्रे एकमेकांना कशाला समजावतील? मालवणच्या किनाऱ्यावरची ‘रापण’ घ्या. कुणी रापणीला जातो, कुणाची रापण ओढून होते, कुणी रापणीतला वाटा मागतो. पहिल्यात ते काम आहे, दुसऱ्यात जाळे, तिसऱ्यात भागीदारांचा संघ. होडीतून जाळे अर्धगोलात सोडत परत किनाऱ्याला यायचे, दोन्ही टोकांचे दोर दोन टोळ्यांनी वाळूतून ओढायचे आणि मिळालेली मासळी वाटून घ्यायची, हे कळले की तिन्ही अर्थ एकत्र बसतात. हे चित्र कथेत असेलच असे नाही. काही वेळा ते किनाऱ्यावरच पाहावे लागते.

कोश उघडायचा तो यानंतर. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२–३८) या भागातल्या शब्दांपुढे ‘कु.’ म्हणजे कुडाळी अशी खूण आढळते. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला तेव्हा चाळीसहून अधिक वर्षे होती. एका शब्दाखाली चार अर्थ दिलेले असले, तर त्यांतला कोणता घ्यायचा हे म्हातारीच्या वाक्याने आधीच ठरवलेले असते.