मोडलेलें हाड आणि मोडलेला धीर

गेल्या वर्षीं मृगाचा पहिला पाऊस पडला त्या दिवशीं पुण्याच्या प्रभात रस्त्यावरील एका वळणावर मी सायकलवरून पडलें. अपघात म्हणून सांगावा असा त्यांत कांहींच थाट नव्हता. कोणीं धडक दिली नाहीं, कोणाशीं भांडण झालें नाहीं. उन्हाळाभर रस्त्यावर सांचलेलें तेल व धूळ पहिल्या सरीनें वर आलेलीं, त्यांवर गुलमोहराच्या पाकळ्यांचा ओला थर, आणि डावीकडे वळतां वळतांच मीं पुढचा ब्रेक दाबला. चाक घसरलें, आणि हात टेकण्यास सवड मिळण्यापूर्वींच डावा खांदा रस्त्याला लागला. काडी मोडावी तसा एक बारीक आवाज माझा मलाच ऐकूं आला.

मीं पन्नाशी ओलांडली आहे. एका ग्रंथालयांत काम करतें आणि वीस वर्षें तेथें सायकलनेंच जात आलें आहें. त्यामुळें इस्पितळांतून हात झोळींत घालून घरीं परतलें तेव्हां घरच्या मंडळींच्या मनांत काय आहे तें मला न सांगतां कळलें. लागलें त्याचें दुःख सर्वांना होतेंच, पण "सुटली एकदांची ती सायकल!" हा सुस्काराही त्यांत मिसळलेला होता.

माझें मोडलें होतें तें गळ्याच्या खालचें, छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोंकापर्यंत गेलेलें आडवें हाड. इंग्रजी वैद्यकांत त्याला क्लॅव्हिकल म्हणतात. मोठें चमत्कारिक हाड आहे हें. गर्भांत अस्थिरूप धारण करण्यास तें सर्वांच्या आधीं सुरुवात करतें, आणि पूर्ण पक्व होण्यांत मात्र सर्वांच्या मागें राहतें. माणसाची पंचविशी आली म्हणजे कोठें त्याचें काम पुरें होतें. हात आणि धड यांना जोडणारा हाडाचा दुवा एवढा एकच. म्हणून खांद्यावर पडणाऱ्याचा सारा भार येथें येऊन आदळतो, आणि मोडलें तर पांचांपैकीं सुमारें चार वेळां तें मधल्या भागांतच मोडतें. माझ्या हाडाचीं टोंकें फारशीं सरकलीं नव्हतीं, म्हणून शस्त्रक्रियेची गरज पडली नाहीं.

हाड जुळणें म्हणजे तुटलेली वाटी डिंकानें चिकटविणें, अशी माझी भाबडी समजूत होती. डॉक्टरांनीं ती दूर केली. प्रथम मोडल्या जागीं रक्त सांकळतें. दोन-तीन आठवड्यांत तेथें तंतूंचा व कूर्चेचा मऊ गोळा तयार होतो. मग त्यांत चुना भरत जाऊन सहा ते बारा आठवड्यांत तो कठीण होतो. आणि त्यानंतर कित्येक महिने, कधीं वर्षें, शरीर त्या ओबडधोबड गोळ्याला तासून हाडाचें मूळ रूप देत राहतें. या शेवटल्या तासकामाला भार लागतो. हाडावर जसा भार पडेल तशी त्याची अंतर्रचना बदलते, हा सिद्धांत जूलियस व्होल्फ या जर्मन शल्यविशारदानें १८९२ सालीं मांडला. म्हणजे विश्रांति हवी, पण ती वेळेवर संपावयासही हवी. पहिल्या दिवसापासून बोटें व कोपर हालवावयाचें. पुढें वांकून उभें राहून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवावयाचा. सहा आठवडे खांद्याच्या उंचीवर न्यावयाचा नाहीं. मग भिंतीवर बोटांनीं चढण चढावयाची. शेवटीं हलकें वजन. व्यायामोपचार शिकविणाऱ्या बाईंनीं ही पायरी-पायरी माझ्याकडून घोटून घेतली. तिसरा महिना संपतांना क्ष-किरणांची तसबीर पाहून डॉक्टर म्हणाले, "हाड उत्तम जुळलें. आतां सायकल चालवायला हरकत नाहीं."

हें वाक्य ऐकण्यासाठीं मीं तीन महिने दिवस मोजले होते. तें ऐकतांच माझ्या तळव्यांना घाम फुटला.

पुढें महिनाभर मीं नाना सबबी सांगितल्या. गणपतीची गडबड आहे, पितृपक्ष आहे, चाकांत हवा नाहीं. सायकल पडवींत जुन्या चादरीखालीं उभी होती. यांनीं मोठ्या समजुतीनें सांगितलें, "तूं रिक्षानें जात जा. या वयांत हट्ट कशाला?" मीं मुकाट्यानें रिक्षानें जाऊं लागलें, आणि त्याला शहाणपण असें नांव दिलें.

एके दुपारीं सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती सायकल एक चालव तरी, नाहीं तर विकून टाक. रोज तिच्याकडे बघतेस आणि आंत येतेस. मी तशीच देवळाच्या घंटेकडे कान लावून बसतें."

त्या क्षणीं माझ्या डोळ्यांपुढें तीन वर्षें उभीं राहिलीं. सासूबाई आतां अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वीं न्हाणीघरांत पाय घसरून त्यांचें मनगट मोडलें. हातावर पडलें म्हणजे मनगट जसें मोडतें त्याचें वर्णन अब्राहम कोलीस या आयरिश शल्यविशारदानें १८१४ सालीं केलें, आणि त्याचेंच नांव त्या मोडीला आहे. मनगट सहा आठवड्यांत जुळलें. परंतु गल्लीच्या टोंकाला दोनशें पावलांवर असलेल्या गणपतीच्या देवळांत त्या पुन्हां गेल्या नाहींत. आम्हीही "कशाला जातां? घरांतूनच नमस्कार करा," असें म्हणून मायेनें त्यांना घरांत बसविलें. मायेचा परिणाम असा झाला कीं ज्या पायांना कांहींच झालें नव्हतें ते पाय दुबळे झाले, आणि आतां त्या खरोखरीच भिंत धरून चालतात. वृद्धांच्या बाबतींत हें दुष्टचक्र वैद्यकाला चांगलें ठाऊक आहे : पडण्याची भीति, भीतीनें कमी झालेलें हिंडणें-फिरणें, त्यानें गेलेलें पायांचें बळ व तोल, आणि त्यामुळें पुन्हां पडण्याचा वाढलेला धोका. मी त्याच वाटेला लागलें होतें. फरक पंचवीस वर्षांचा.

भीति म्हणजे भ्याडपणा, अशी आपली समजूत असते, म्हणून आपण तिला एक तर लपवितों किंवा एका झटक्यांत झुगारून देऊं पाहतों. दोन्ही उपाय फसतात. भीति हा शरीरानें शिकलेला धडा आहे, आणि असा धडा पुसून टाकतां येत नाहीं. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना कुत्र्यांवरील आपल्या प्रसिद्ध प्रयोगांत दिसून आलें कीं घंटेनंतर अन्न देणें बंद केलें म्हणजे घंटेनें लाळ सुटणेंही बंद होतें. पण कांहीं काळ जाऊं दिला कीं विसरलासा वाटलेला तोच संस्कार पुन्हां डोकें वर काढतो. भीतीविषयींही पुढील संशोधनांत हेंच आढळलें. जुना धडा राहतोच. त्याच्यावर "येथें कांहीं झालें नाहीं" असा नवा धडा पुनःपुन्हां लिहावा लागतो, आणि जागा बदलली तर तो तेथेंही लिहावा लागतो. मैदानावर गेलेली भीति वळणावर वाट पाहत उभी असते, ती यामुळें.

मुलानें मला धीर देण्यासाठीं फाबियो याकोबसेन या डच सायकलपटूची हकीकत सांगितली. ५ ऑगस्ट २०२० रोजीं पोलंडमधील शर्यतींत अंतिम रेषेजवळ भयंकर वेगांत तो कठड्यावर आदळला. त्याला औषधांनीं बेशुद्ध ठेवावें लागलें. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. २०२१ च्या एप्रिलमध्यें तो शर्यतींत परतला, त्याच वर्षीं स्पेनच्या मोठ्या शर्यतींत त्यानें तीन टप्पे जिंकले, आणि जुलै २०२२ मध्यें 'टूर द फ्रान्स'मधील एक टप्पाही जिंकला. मुलाला त्यांत पराक्रम दिसला. मला त्यांतील तारखा दिसल्या. तारुण्य, डॉक्टर, शिक्षक सारें हाताशीं असतां त्या शिखराला पोंचण्यास त्याला जवळ जवळ दोन वर्षें लागलीं. मग मीं तीन महिन्यांत लाजून कां जावें? जें हाडाच्या बाबतींत केलें, तेंच धीराच्या बाबतींत करावयाचें मीं ठरविलें : पायरी-पायरीनें भार वाढवावयाचा.

प्रथम सायकल तपासून घेतली. पुढचा चिमटा वांकला नव्हता. चाकाची आऊट काढावी लागली. ब्रेकचे रबर बदलले. शिरस्त्राण मात्र टाकून दिलें. वरून तें धड दिसत होतें, पण त्याच्या आंतील थर्मोकोलसारखा थर एकदां चेंगरून आपलें काम करतो. दुसऱ्या वेळीं त्याचा भरंवसा नसतो.

मग सीट इतकी खालीं घेतली कीं दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकावेत. हा उपाय सायकलच्या इतिहासांतलाच आहे. १८७० नंतरच्या काळांत पुढचें चाक पुरुषभर उंच असे; खड्डा आला कीं स्वार त्यावरून तोंडघशीं पडे. १८८५ सालीं जॉन केम्प स्टार्ले यानें इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें दोन सारख्या चाकांची, सांखळीनें मागचें चाक फिरविणारी, बसक्या बैठकीची सायकल बाजारांत आणली. तिला 'सेफ्टी' म्हणत. आपण आज जिला सायकल म्हणतों ती हीच.

पहिला आठवडा मीं सायकल नुसती हातांत धरून चालविली. दुसऱ्या आठवड्यांत एका शाळेच्या मोकळ्या मैदानावर पायडलाला पाय न लावतां, जमिनीला रेटा देत फिरलें. तिसऱ्यांत पायडल मारलें, आणि माझी खोड मला उमगली. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला स्वार नकळत हँडल किंचित् वळवितो, आणि चाकें पुन्हां त्याच्या भाराखालीं येतात. तोल म्हणतात तो हाच. भीतीनें मी हँडल आवळून, कोपरें ताठ करून, मुंगीच्या पावलानें जात होतें. ताठ हातांना ती बारीक हालचाल करतां येत नाहीं, आणि अति मंद गतींत तोल अधिकच अवघड होतो. सुरक्षिततेसाठीं म्हणून जें जें मी करीत होतें, तेंच मला पाडण्याच्या बेतांत होतें! कोपरें सैल सोडलीं, नजर चाकावरून काढून जेथें जावयाचें तेथें ठेवली, आणि सायकल आपोआप सरळ झाली.

ब्रेकची तालीम वेगळी केली. रस्त्याला धरून ठेवण्याची चाकाची शक्ति मर्यादित असते. वळतांना तिचा एक वांटा वळण्यांत खर्च होतो. ब्रेकसाठीं उरतें तें थोडें, आणि ओल्या रस्त्यावर तर मूळ भांडवलच कमी. म्हणून वेग वळणापूर्वीं, सरळ रस्त्यावरच, दोन्ही ब्रेक हलके दाबून कमी करावयाचा, आणि मग ब्रेक सोडून वळावयाचें. आपण कां पडलों हें एकदां कळलें म्हणजे अपघातांतील दैवाचा भाग पुष्कळ कमी होतो, आणि दैवाला भिणें जेवढें कठीण तेवढें ब्रेकला भिणें नसतें.

कार्तिकांत एका रविवारीं पहाटे, रस्ता कोरडा व मोकळा असतां, मी त्या वळणावर गेलें. हे मागून दुसऱ्या सायकलवर होते. महिनाभर माझी तालीम पाहून त्यांचा विरोध मावळला होता. पहिल्या वेळीं मी वळणाच्या अलीकडे उतरलें आणि सायकल हातांत धरून वळलें. त्याची मला लाज वाटली नाहीं. दुसऱ्या रविवारीं बसून वळलें, आणि त्या दिवशीं तेंच वळण दहा वेळां घेतलें. यंदाच्या मृगांत पाऊस पडला तेव्हां पोटांत गोळा आलाच. जुना धडा पुसला गेलेला नाहीं. मीं वेग आधींच कमी केला, ब्रेक सोडला आणि वळलें.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. महिना उलटूनही अपघाताचीं स्वप्नें पडत असतील, झोंप उडाली असेल, रस्त्यावर पाऊलच टाकवत नसेल, तर अशी घरगुती तालीम पुरेशी नाहीं. तेथें मानसोपचारतज्ज्ञाकडे जावें, आणि मोडलेलें हाड दाखविण्यांत जेवढा संकोच वाटतो तेवढाच त्यांत वाटावा. म्हणजे मुळींच नाहीं.

आतां सासूबाईंचें. डॉक्टरांना विचारून त्यांचीही तालीम सुरू केली आहे. खुर्चीवरून हात न टेकतां उठणें-बसणें, प्रथम पांच वेळां, आतां दहा वेळां. काठी घेण्यास त्या तयार नाहींत. "लोक म्हातारी म्हणतील," म्हणतात! तेव्हां मी सायकल हातांत धरून, ब्रेकवर बोटें ठेवून शेजारून चालतें, आणि त्या सीटवर हात टेकून चालतात. प्रथम फाटकापर्यंत, मग जोशांच्या घरापर्यंत. गेल्या गुरुवारीं आम्ही देवळाशीं पोंचलों. वर चढावयास तीन पायऱ्या आहेत. सासूबाईंनीं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलें, खालूनच हात जोडले, आणि म्हणाल्या, "आज एवढेंच. पायऱ्या पुढच्या आठवड्यांत."