दोन डॉक्टर, एक देव

१० मे २०२४ला पुण्याच्या विशेष न्यायालयानं नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचा निकाल दिला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे पुराव्याअभावी सुटले. जवळजवळ अकरा वर्षं थांबून पदरात पडलं ते एवढंच. त्यांना पाठवलं कोणी, हे कळलंच नाही. तीन दिवसांवर लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे शहराला हळहळायलाही फारशी सवड नव्हती.

तेव्हापासून मला सारखी आठवतात ती नव्वदची वर्षं.

श्रीराम लागू आणि दाभोलकर, दोघेही साताऱ्यात जन्मलेले, दोघेही डॉक्टर. थोरल्या लागूंनी कान-नाक-घशाची शस्त्रक्रिया सोडून १९६९ साली पूर्णवेळ रंगभूमी धरली. धाकट्यानं बारा वर्षं दवाखाना चालवला आणि मग तो सोडून अंधश्रद्धा निर्मूलनाला वाहून घेतलं. ‘विवेकजागराचा वादसंवाद’ घेऊन हे दोघे मित्र गावोगाव हिंडत. नाव नीट वाचा : वादही आणि संवादही, आणि तोही एकाच व्यासपीठावरच्या दोघांत.

लागू आडपडदा ठेवत नसत. देव ही कल्पनाच खोटी, तिच्या नावावर माणसानं माणसाचे अतोनात हाल केले, तेव्हा आता देवाला रिटायर करा. तो आवाज सभागृहात घुमला की पुढच्या रांगेत चुळबुळ सुरू व्हायची. (लागूंच्या ‘नटसम्राट’वर जीव टाकणारी मंडळी तिथं हमखास असत. त्यांची पंचाईत बघण्यासारखी असे.) मग दाभोलकर शांतपणे सांगत, की अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका ही नाही. देव मानणं-न मानणं ज्याचं त्याचं, घटनेनं तो हक्क दिलाय. आमचं भांडण देवाच्या नावानं लुबाडणाऱ्याशी. लागूंच्या लेखी श्रद्धा हेच अन्यायाचं मूळ होतं. दाभोलकरांना त्याच श्रद्धेपायी नागवला जाणारा माणूस आधी दिसायचा.

आमच्या पुरोगामी वर्तुळात तेव्हा दाभोलकरांना ‘कुंपणावरचे’ म्हणणारे बरेच होते. तरुण मुलगा गेल्यावरही देवाकडे न वळलेल्या लागूंचा ताठपणा त्यांना भारी वाटे. दाभोलकरांचा संयम म्हणजे मिळमिळीतपणा. हे बोलणारे बहुतेक जण गणपतीच्या दहा दिवसांत घरच्या आरतीला टाळ्या वाजवत उभे असत, हेही सांगून टाकतो. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध प्यायला, तेव्हा चमचा-वाटी घेऊन रांगेत उभं राहिलेलं पुणंही चांगलं शिकलेलंच होतं. पृष्ठताण, केशाकर्षण हे शाळेत शिकलेले शब्द त्या दिवशी कुणाला आठवले नाहीत.

आणि मग २०००चं शनिशिंगणापूर. बायकांना शनीच्या चौथऱ्यावर जाऊ द्या म्हणून दाभोलकरांनी आंदोलन उभारलं, त्यात लागूही उतरले, अटक झाली. देवाला निवृत्त करायला निघालेला माणूस, इतरांना त्याच देवापर्यंत जाता यावं म्हणून पोलिसांच्या गाडीत बसला! त्यांच्या मैत्रीबद्दल मला याहून जास्त काही सांगता येणार नाही. चौथरा बायकांना खुला झाला २०१६ साली. तोवर दाभोलकर नव्हते.

दाभोलकर ज्याचा आग्रह धरत होते, ते जादूटोणाविरोधी विधेयक २००५ साली विधानसभेत मंजूर होऊन पुढे अडकलं. ते हिंदुविरोधी आहे, अशी ओरड करणाऱ्यांनी ते वाचलं होतं का, अशी मला तेव्हाही शंका होती. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना मारलं आणि चारच दिवसांत त्या कायद्याचा वटहुकूम निघाला.

लागू डिसेंबर २०१९मध्ये ब्याण्णवाव्या वर्षी पुण्यातच गेले. म्हणजे देवच नको म्हणणाऱ्याला या शहरानं टाळ्या दिल्या, म्हातारपण दिलं. देवाला हात न लावणाऱ्याला गोळ्या मिळाल्या. मला वाटतं, लागू माणसाला विचार बदलायला सांगत होते आणि तो सल्ला घरी जाताना विसरता येत होता. दाभोलकर कलम मागत होते, शिक्षा मागत होते. बुवाबाजीचा धंदा त्यानं बसला असता.

आता असा वादसंवाद ठेवायचा म्हटलं तर संयोजक आधी भावना कोणाच्या दुखावतील याचा हिशेब करतात. परवाच एकानं मला फोनवर सुचवलं, ‘‘सर, देवाधर्माचा विषय आहे, जरा सौम्य ठेवू या.’’ मी विचारलं, ‘‘सौम्य म्हणजे कसा? दाभोलकरांसारखा?’’