‘शाळाला’ कीं ‘शाळेला’?

ज्या भाषेंत मनुष्य लहानाचा मोठा होतो, तिचें व्याकरण त्यास सहसा दिसत नाहीं. तें दिसतें परक्यास, कारण अडतें तें त्याचें. मराठीचा इतिहासच याची साक्ष देतो. विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्यानें बंगालमधील श्रीरामपूर येथून मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं प्रसिद्ध केलें. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें व्याकरण छापून निघालें तें १८३६ सालीं, म्हणजे त्यानंतर एकतीस वर्षांनीं. ‘घोडा’ या शब्दापुढें ‘वर’ आला कीं त्याचा ‘घोड्या’ कां होतो, हा प्रश्न मराठी आईच्या मांडीवर वाढलेल्यास पडत नाहीं. कॅरीसारख्यास तो पहिल्याच दिवशीं पडतो.

आतां मात्र असा काळ आला आहे कीं, कॅरीच्या जागीं आमचींच नातवंडें उभीं आहेत. आमच्या राधानगरीस उन्हाळ्याच्या सुटींत घरोघर पाहुणे येतात. कोणी पुण्यामुंबईच्या इंग्रजी शाळांतून येतो, कोणी समुद्रापलीकडून येतो. ओसरीवर बसलें असतां वाक्यें कानीं पडतात तीं अशीं: “आजी, मी शाळाला जातें.” “घोडावर बसूं का?” “तलावचा पाणीत मासे आहेत.” यावर सारें घर हंसतें. हंसण्यांत वाईट हेतु मुळींच नसतो, कौतुकच असतें. पण आठ वर्षांच्या मुलीस कौतुक आणि उपहास यांतला भेद कळत नाहीं. दोन-चार वेळां असें झालें कीं ती मराठी बोलेनाशी होते, आजीच्या प्रश्नास इंग्रजींत उत्तर देते, आणि आजीस तें कळत नाहीं. एका प्रत्ययापायीं आजी व नात यांचें बोलणें तुटतें. म्हणून हा विषय आम्हांस केवळ शाळेंतील तासापुरता वाटत नाहीं.

प्रथम चूक कोठें होते तें पाहूं. इंग्रजींत संबंध दाखविणारा लहान शब्द नामाच्या आधीं येतो आणि नाम आहे तसेंच राहतें. मराठींत तो नामाच्या मागून येऊन त्यास चिकटतो, आणि चिकटण्यापूर्वीं नामाचें अंतिम रूप पालटतो. या पालटलेल्या रूपास आमचे वैयाकरण ‘सामान्यरूप’ म्हणतात. विभक्तीचा प्रत्यय असो कीं ‘वर’, ‘खालीं’, ‘साठीं’, ‘जवळ’ असें शब्दयोगी अव्यय असो, दोघांनाही सामान्यरूपच लागतें.

आमच्या भोंवतालच्या गांवांच्या नांवांतच याचा अर्धा धडा आहे. राधानगरी हें ईकारान्त स्त्रीलिंगी नांव. राधानगरीस, राधानगरींत, राधानगरीहून, कोठेंच विकार नाहीं. भोगावती नदीचेंही तसेंच. परंतु गगनबावडा म्हटला कीं गगनबावड्यास, आजरा म्हटला कीं आजऱ्याहून. पुणें म्हटलें कीं पुण्यास. कोल्हापूर या नांवाची तर मौज अशी कीं, बोलतांना आपण ‘कोल्हापूरला गेलों’ असें म्हणतों, तेथें नांव अविकृत; पण ‘कोल्हापुरांत राहिलों’ म्हणतांच ‘पू’ ऱ्हस्व होतो आणि ‘र’ दीर्घ होतो. दाजीपूरच्या बाजूस धनगरवाड्यावरचा निरक्षर मुलगाही यांत चुकत नाहीं. तो ‘पोरांना’ न म्हणतां ‘पोरांस्नी’ म्हणेल, प्रत्यय त्याचा निराळा असेल, परंतु सामान्यरूप अचूक असतें.

मग धनगराच्या पोरास जें साधतें, तें शिकल्यासवरल्या घरच्या नातीस कां साधूं नये? तिची बुद्धि कमी आहे काय? मुळींच नाहीं. उलट तिनें आपल्या कानीं पडलेल्या मराठीवरून अगदीं तर्कशुद्ध नियम बसविला आहे. परगांवीं वाढणाऱ्या मुलाच्या कानीं कोणती मराठी पडते? आईला सांग, आजीला नमस्कार कर, काकाला बोलाव, मामाकडे जाऊं, दादावर रागावूं नको, ताईशीं भांडूं नको, आत्याला पत्र लिही. यांतील एकाही शब्दाचें रूप एकवचनांत पालटत नाहीं! काका, मामा, दादा हे आकारान्त पुल्लिंगी असूनही ‘घोडा’ शब्दाप्रमाणें चालत नाहींत. याखेरीज मराठी म्हणून जें बोललें जातें तें ‘स्कूलला’, ‘बसमध्यें’, ‘फ्रिजवर’ असें. इंग्रजी नामेंही बहुधा जशींच्या तशीं राहतात. तेव्हां ‘काकाला’ आणि ‘स्कूलला’ ऐकून वाढलेल्या मुलीनें ‘शाळाला’, ‘घोडावर’ म्हणावें, यांत नवल कसलें? तिची चूक ही आपण तिच्याशीं किती व कोणती मराठी बोललों याचा चोख जमाखर्च आहे.

नामापेक्षांही सर्वनामांत अडचण मोठी. ‘मी’ पासून ‘मला’ होतें, पण ‘माझ्यावर’ ही होतें. ‘तो’ चें ‘त्याला’ आणि ‘त्याच्यावर’. ‘ती’ चें ‘तिला’ आणि ‘तिच्यावर’. ‘वर’ कायम, सर्वनाम मात्र ओळखूं येऊं नये इतकें पालटलेलें. नवशिक्यास वाटतें कीं असा त्रास फक्त मराठींतच आहे. तसें नाहीं. प्रत्यक्ष इंग्रजीच्या शेजारीं, इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स देश आहे. तेथील वेल्श भाषा शिकणारासही हेंच कोडें पडतें, फक्त आरशांत पाहिल्यासारखें उलट.

वेल्श भाषेंत ‘आर्’ म्हणजे ‘वर’. तो नामाच्या आधीं येतो आणि नामापुढें तसाच राहतो. परंतु सर्वनाम आलें कीं तो लहान शब्दच क्रियापदासारखा चालूं लागतो. ‘आर्ना ई’ म्हणजे माझ्यावर, ‘आर्नात् ती’ म्हणजे तुझ्यावर, ‘आर्नो वे’ म्हणजे त्याच्यावर, ‘आर्नी ही’ म्हणजे तिच्यावर, ‘आर्नोन् नी’ म्हणजे आमच्यावर. आमच्याकडे ‘वर’ स्थिर आणि ‘मी’ पालटतो. त्यांच्याकडे सर्वनाम जवळजवळ स्थिर आणि ‘वर’ पालटतो. तत्त्व एकच: मनुष्य आणि त्याचा संबंध दाखविणारा शब्द इतके निकट येतात कीं दोहोंपैकीं एकास आपलें मूळ रूप सोडावें लागतें.

नामांचा प्रकार तर संस्कृतज्ञांस विशेष गोड वाटेल. मराठींत नामाचा शेवट पालटतो, वेल्शमध्यें आरंभ! कार्डिफ ही तेथील राजधानी. तिचें वेल्श नांव ‘कायर्दीद’. ‘कार्डिफला’ म्हणावयाचें तर ‘ई गायर्दीद’, आणि ‘कार्डिफमध्यें’ म्हणावयाचें तर ‘अङ् ङायर्दीद’. क, ग, ङ ही एकाच वर्गाची अक्षरें. ‘वाक्’ शब्दाचे ‘वागीश’ आणि ‘वाङ्मय’ हे दोन संधि ज्यानें पाठ केले आहेत, त्यास हा विकार परका वाटणार नाहीं. आणि आमच्या वर्णमालेंत जो ‘ङ’ मुलांस निरुपयोगी वाटतो, तो तेथें शब्दाच्या अग्रभागीं मानानें बसलेला आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें, आणि वेल्श ज्या केल्टिक कुळांतील आहे तें कुळही त्यांतच मोडावें, असें मत सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास मांडलें. त्या जोन्स साहेबांचे वडील मूळचे वेल्समधील अँग्लसी बेटाचे होते, हा योगायोगही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

याहून महत्त्वाचें साम्य वाक्यरचनेंत आहे. इंग्रज मनुष्य भीति स्वतः ‘धरतो’, सर्दी ‘बाळगतो’. मराठी मनुष्यास भीति वाटते, सर्दी होते. वेल्श मनुष्य म्हणतो, ‘माय् ओव्न् आर्ना ई’, म्हणजे शब्दशः ‘भीति आहे माझ्यावर’. ‘माझ्याजवळ मांजर आहे’ हें सांगतांनाही आमच्याप्रमाणेंच त्याला स्वामित्वाचें निराळें क्रियापद लागत नाहीं. ‘आहे माझ्यापाशीं मांजर’ एवढेंच तो म्हणतो. ‘मला गेलें पाहिजे’ या आपल्या वाक्यालाही तिकडे ‘गरज मला जाण्याची’ अशाच बांधणीचा जोड आहे. म्हणून तेथें नवशिक्यास हीं रूपें शिकवितांना ‘मला सर्दी झाली आहे’, ‘तिला ताप आला आहे’ अशा रोजच्या वाक्यांचा आधार घेतात. सर्दीपडशाचीं वाक्यें तोंडीं बसलीं कीं ‘आर्’ चीं रूपें आपोआप बसतात.

ही भाषा सुखानें टिकलेली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत तेथील कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यांत लाकडी फळी अडकवीत. ‘वेल्श नॉट’ या नांवानें ती कुप्रसिद्ध आहे. पुढें वारें फिरलें. १९९९ सालापासून सोळा वर्षांपर्यंतच्या सर्व विद्यार्थ्यांस वेल्श हा विषय आवश्यक झाला, आणि २०११ च्या कायद्यानें तिला वेल्समध्यें राजभाषेचा दर्जा मिळाला. तरीही २०२१ च्या शिरगणतींत ती बोलणारे भरले सुमारें ५ लक्ष ३८ हजार, म्हणजे शेंकडा अठराहून किंचित् कमी. मराठी बोलणारे २०११ च्या शिरगणतीप्रमाणें आठ कोटींहून अधिक आहेत. महाराष्ट्रांतील सर्व शाळांत मराठी आवश्यक करणारा कायदा २०२० सालीं झाला, आणि २०२४ सालीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. हें सर्व आनंदाचें आहे. परंतु ‘शाळाला’ चें ‘शाळेला’ कायद्यानें होत नाहीं. तें घरांतील माणसांनींच केलें पाहिजे, आणि एकत्र कुटुंबास तें करणें सर्वांत सोपें आहे.

तें कसें करावें, याविषयीं चार शब्द सांगतों. पहिली गोष्ट, मुलास कोणतेंही नाम एकटें देऊं नये. ‘तो घोडा’, ‘ती शाळा’, ‘तें तळें’ असें लिंगासह द्यावें. घोडा आणि शाळा या दोहोंच्या शेवटीं ‘आ’ च आहे. एकाचें ‘घोड्यावर’ आणि दुसरीचें ‘शाळेंत’ होतें तें लिंगभेदामुळें. लिंग कळलें कीं अर्धें सामान्यरूप कळलें.

दुसरी गोष्ट, कोष्टकें पाठ करवूं नयेत. मोरो केशव दामले यांचें १९११ सालचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ घरांत अवश्य असावें, पण तें वडील माणसांसाठीं. मुलास कामें सांगावीं. कोनाड्यांतली पणती आण. डब्यांतला लाडू घे. झोपाळ्यावर बस. चुलीवरचें दूध उतूं जातें आहे कां पाहा. उंबऱ्यावर उभा राहूं नको. पाटावर बसून पाण्याचा पेला उजवीकडे ठेव. कोनाडा, डबा, झोपाळा, चूल, उंबरा, पाट, पाणी: एका सकाळींत सात रूपें झालीं, आणि तींही हाताशीं वस्तु असतांना. ‘फ्रिज’ आणि ‘टेबल’ यांजवर हा धडा होत नाहीं.

तिसरी गोष्ट, चुकल्यास हंसूं नये आणि अडवूंही नये. नात म्हणाली, “मी शाळाला जातें,” तर आजीनें म्हणावें, “हो ग बाई, शाळेला जा. शाळेंत काय शिकवतात? शाळेंतून आल्यावर मला सांग.” बोलणें पुढें चाललें, आणि शुद्ध रूप तीन वेळां कानीं पडलें.

चौथी गोष्ट घरांतील कर्त्या माणसांसाठीं. आठवड्यांतून एकदां परगांवीं फोन लागतो, तेव्हां ‘काकाला दे, मामाला दे’ एवढ्यावर संभाषण आटोपूं नये. नातवंडास त्याच्या खोलीची, खिडकीची, झाडांची, पावसाची हकीकत विचारावी. त्यानें सांगतांना दहादां अडखळलें तरी उतावीळ होऊं नये. ज्या मुलास माणसांच्या नांवांपुरतीच मराठी मिळते, त्याची मराठी माणसांच्या नांवांपुरतीच राहते. भिंतीवर, पावसांत, झाडाखालीं, वाटेनें हीं रूपें त्याला ज्या दिवशीं आमच्याकडून मिळतील, त्या दिवसापासून तें आमच्याशीं सगळ्याच गोष्टींविषयीं बोलूं लागेल.