सत्तर ग्रॅमचा पहारा

व्यंकोजीराजांनी तंजावरात मराठी राज्य उभं केलं ते १६७५-७६ च्या सुमारास. त्याच घराण्याशी संबंध असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, तोही सतराव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात. कुठलं धान्य पचायला हलकं, कशाचा गुण काय, असं सगळं त्यात आहे. नेमक्या त्याच वर्षांत, १६७९ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीत देनी पापँ नावाचा एक फ्रेंच माणूस जाड लोखंडी भांडं घेऊन आला. झाकण स्क्रूने घट्ट आवळलेलं, आत पाणी आणि हाडं, खाली विस्तव. हाडं चावून खाता येतील इतकी मऊ होऊन बाहेर पडली. १२ एप्रिल १६८२ रोजी सोसायटीचे काही सभासद या भांड्यात शिजलेलं जेवण जेवले, आणि जॉन एव्हलिन या गृहस्थाने ती पंगत रोजनिशीत टिपून ठेवली.

पापँच्या भांड्यात हाडं शिजली, हे नवलच. पण मला त्याहून मोठं नवल वाटतं ते त्याने झाकणाला ठेवलेल्या भोकाचं. भांडं फुटू नये म्हणून त्याने तिथे एक झडप बसवली आणि ती दाबून धरायला दांडीला वजन टांगलं. आतली वाफ त्या वजनापेक्षा जोरकस झाली की झडप उचलली जाई, जास्तीची वाफ निघून जाई, झडप पुन्हा बसे. आपल्या ओट्यावरच्या कुकरची शिट्टी ही त्याच वजनाची नात.

तंजावरात नव्याने राहायला आलेल्या, पहिल्यांदाच स्वतःचा कुकर लावायला निघालेल्या माणसाला (शिकायला आलेलं पोर असो की बदलीवर आलेला कारकून) भीती वाटते ती झाकणाची. ती रास्तच आहे. थोडा हिशेब करू. आपल्या घरगुती कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो जास्त दाब तयार होतो. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या तांदळावर बसलेलं ते झाकण वाफ तीन क्विंटलहून अधिक जोराने वर ढकलत असते. आता शिट्टीखालची नळी बघा. तिचं भोक ३ मिलिमीटरचं धरलं तर क्षेत्रफळ जेमतेम ०.०७ चौरस सेंटिमीटर. तेवढ्या भोकातून येणारी तीच वाफ दाबून धरायला ७० ग्रॅम पुरतात! तीन क्विंटलची ताकद आणि तिच्यावर पहारा ७० ग्रॅमचा. ना स्प्रिंग, ना बॅटरी. तंजावरची ती मान डोलावणारी बाहुली कितीही कलंडवली तरी स्वतःच्या वजनानेच पुन्हा उभी राहते, तशी शिट्टीही उचलली जाते आणि आपल्याच भाराने जागेवर येऊन बसते.

म्हणजे शिट्टी हा तराजू आहे. ती वाफ मोजते, डाळ शिजली की नाही हे तिला ठाऊक नसतं. आपण मात्र तिच्याकडून घड्याळाचं काम करून घेतो. पुण्यात ‘तीन शिट्ट्या’, तंजावरात ‘मूणु विसिल’. आच मोठी ठेवली तर शिट्ट्या भराभर होतात, बारीक ठेवली तर रेंगाळतात, आणि एकाच डाळीला दोन घरांत दोन वेगळे आकडे लागतात. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून मिनिटं मोजणं जास्त भरवशाचं. आच वाढवून आतलं तापमान वाढत नाही, कारण वजनाने दाबाला कुंपण घातलंय. जास्तीच्या आचेने फक्त जास्त वाफ बाहेर जाते, भांड्यातलं पाणी आटतं आणि सिलिंडर लवकर संपतो.

हे तापमान किती? तंजावर कावेरीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साठएक मीटरच्या आत. इथे उघड्या पातेल्यात पाणी जवळजवळ १०० अंशांना उकळतं आणि मग कितीही जाळ घाला, त्याच्या वर जात नाही. कुकरच्या दाबाखाली ते १२० अंशांपर्यंत पाणीच राहतं. २० अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण शिजण्यातल्या पुष्कळशा क्रियांचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो. वीस अंशांना चौपट. उघड्यावर पाऊण तास खाणारी तूरडाळ दहाएक मिनिटांत मोडते ती यामुळे. याच तामिळनाडूत, उटीला, २,२४० मीटर उंचीवर, पाणी ९२-९३ अंशांनाच उकळू लागतं आणि पातेल्यातली डाळ हटून बसते. तिथला कुकर मात्र ११६ अंशांच्या आसपास पोचतो. डोंगरातल्या माणसाला कुकर वेळ वाचवायला नाही, डाळ खायलाच लागतो. दवाखान्यात अवजारं निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्हही १२१ अंशांवर, जवळपास याच दाबावर चालतं; पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने ते १८७९ मध्ये केलं, पापँच्या भांड्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी.

तर आता कुकर लावू. आधी कोरडं झाकण उचलून नळीचं भोक उजेडाकडे धरा. आरपार दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर बारीक तार किंवा सुई घालून साफ करा, पाण्याची धार सोडा, पुन्हा बघा. या एका भोकावर सगळा कारभार आहे. सुरक्षिततेचे बाकीचे बहुतेक नियम म्हणजे ते भोक मोकळं राहावं याच्याच तजविजी आहेत.

भरण्याचंच घ्या. तंजावरात जानेवारीत पोंगल येतो. नव्या तांदळाचं भांडं चुलीवर चढतं, फेस काठावरून ओसंडला की घरातले सगळे ‘पोंगलो पोंगल’ म्हणून आनंदाने ओरडतात. उतू जाणं तिथे शुभ. कुकरमध्ये तेच सर्वांत अशुभ, कारण तो फेस नळीत चढतो, डाळीची सालं आणि पिठूळ पाणी घेऊन, आणि वाट बंद करतो. म्हणून कुकर दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. डाळ, तांदूळ, फुगणारं किंवा फेसाळणारं काहीही थेट कुकरात असेल तर अर्ध्यावर थांबायचं. डाळीत चमचाभर तेल घातलं की फेस बसतो. आजीच्या हातून ते हळद-हिंगाबरोबर आपसूक पडायचं, तिला कारण विचारायची कुणाला गरज पडली नाही. डब्यांत वरण-भात लावायचा असेल तर तळाला पेलाभर पाणी हवंच. हे पाणी विसरणं ही नवशिक्याची ठरलेली चूक. पाणी नाही तर वाफ नाही, वाफ नाही तर शिट्टी नाही, आणि आपण शिट्टीची वाट बघत बसलेलो असताना तळ तापत राहतो.

या विसराळूपणासाठी झाकणावर दुसरा पहारेकरी असतो, सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याच्या पोटात लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठिपका असतो. भांडं कोरडं पडून किंवा नळी तुंबून तापमान हाताबाहेर गेलं की तो वितळतो आणि वाफेला नवं दार मिळतं. उडालेला व्हॉल्व्ह म्हणजे बिघडलेला कुकर नव्हे. त्याने आपलं काम केलं. त्या जागी त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा बसवायचा. खिळा, एम-सील, ‘तात्पुरतं चालेल’ असलं काहीही नाही. काही झाकणांच्या काठाला एक लांबट फट ठेवलेली असते. आणीबाणीला रबराची रिंग त्या फटीतून बाहेर ढकलली जाते आणि वाफ मोकळी होते. म्हणून ती फट आपल्याकडे तोंड करून ठेवायची नाही. रिंग कडक झाली, चिरली, सैल पडली तर बदलायची.

कुकर आपल्याकडे घरोघरी पोचला तो दोन मोठ्या नावांनी. एल. जी. हॉकिन्स या इंग्रज कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने १९५९ साली मुंबईत सुरू झालेला हॉकिन्स, आणि मद्रासच्या टी. टी. कृष्णमाचारींच्या उद्योगघराण्याचा प्रेस्टीज. दोघांच्या जुन्या ओळखीच्या झाकणांत मोठा फरक. एकाचं झाकण तिरपं करून आत घालायचं आणि आतून वर ओढून बसवायचं. वाफ जितकी दाबेल तितकं ते काठाला घट्ट चिकटतं, दाब असताना उघडतच नाही. दुसऱ्याचं वरून बसतं आणि फिरवून खाचांत अडकतं. तुमचं कुठलं आहे ते माहीत करून घ्या. शेजारणीची सवय तिच्या झाकणाची असते. कुठलंही असो, भांड्यावर आयएसआयची खूण बघूनच घ्या. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला ती कायद्यानेच लागते. कुंभकोणमच्या काशा-पितळेच्या भांड्यांवर माझंही प्रेम आहे, पण कुकर ही वारशाने वापरायची वस्तू नाही. पोचे पडलेला, काठ वाकडा झालेला जुना कुकर मोडीत गेलेला बरा.

वरून बसणाऱ्या झाकणावर शिट्टी लगेच ठेवू नका, नळीतून वाफेची सरळ धार येऊ द्या, असं कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि कुणी पाळत नाही. त्याचं कारण सुंदर आहे. सुरुवातीला आत हवाही असते. ती आतच कोंडली तर दाबातला काही वाटा ती उचलते, आणि दाब पुरेसा दिसला तरी वाफ तेवढी तापलेली नसते. आधी हवा हाकलायची, मग दार लावायचं.

तांदळाचा प्रश्न या मुलखात विचारूनच सोडवावा लागतो. दुकानात ‘पच्चरिसी’ म्हणजे साधा तांदूळ आणि ‘पुळुंगल अरिसी’ म्हणजे आपल्या कोकणातला उकडा, असे दोन प्रकार मिळतात. उकड्याचं भात सालासकट भिजवून, वाफवून, वाळवलेलं असतं. दाणा घट्ट झालेला. त्याला पाणीही जास्त लागतं, वेळही. पुण्याचा आकडा इथे लावला तर दाणा कडकड वाजतो.

गॅस बंद केल्यावरचा वेळ सगळ्यांत धोक्याचा, कारण आता आवाज थांबलेला असतो. आतलं पाणी अजून १२० अंशांच्या जवळ आहे आणि केवळ दाबामुळे पाणी म्हणून राहिलंय. समजा आत लिटरभर पाणी आहे आणि कुणी झाकण हिसकून उघडलं. दाब सुटताच त्यातलं सदतीसएक ग्रॅम पाणी एका क्षणात वाफ होईल, आणि तेवढ्या पाण्याची वाफ भरते साठ लिटरच्या आसपास, सोबत उसळणारी डाळ. म्हणून ‘वाफ जिरू दे’. दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. मग चिमट्याने किंवा चमच्याने शिट्टी किंचित उचलून बघायची. फुस्स झालं तर पुन्हा थांबायचं. झाकण सहज निघालं नाही तर जोर करायचा नाही. तीन क्विंटलशी कुस्ती कशाला? झाकण काढताना पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे उरलीसुरली वाफ तोंडावर न येता समोर जाते.

१८२६ साली बिशप हेबर तंजावरला आला तेव्हा इथले सरफोजीराजे त्याच्याशी रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांच्याबद्दल सहज बोलले, अशी नोंद आहे. त्यांच्या मुदपाकखान्याची ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ ही मराठी पोथी आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. रसायन आणि रांधप या दोन्हींची गोडी असलेल्या त्या माणसाला पुढची गोष्ट आवडली असती.

डाळ कुकरमध्ये असताना तिच्यात आंबट घालायचं नाही. आंबटामुळे डाळीच्या पेशी जोडून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही आणि डाळ बोटचेपी होत नाही. जड पाण्यातला चुनाही हेच करतो. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या मुदपाकखान्यात म्हणे कोकम संपलं, आमटीत चिंच पडली आणि सांबार जन्माला आलं. तंजावरचे मराठी लोक ही आख्यायिका रंगवून सांगतात. पुरावा मागू नये, आमटी वाढून घ्यावी. तेव्हा चिंच की कोकम हे ज्याच्या त्याच्या घरावर, पण घालायचं ते झाकण निघाल्यावर, डाळ घोटून झाल्यावर.