वर्षावासात पाखरांसाठी एक झाड

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. त्याच्या नियमामागची हकीगत विनयपिटकात आहे. भर पावसात भिक्खू हिंडतात, त्यांच्या पायांखाली कोवळे गवत व लहान जीव तुडवले जातात. पाखरेसुद्धा या दिवसांत घरटे करून एका जागी राहतात, अशी लोकांची तक्रार होती. तथागतांनी ती मानली आणि भिक्खूंना पावसाळ्यात एके ठिकाणी राहण्यास सांगितले. तेव्हा वर्षावासाची सुरुवात ग्रंथवाचनाबरोबर वृक्षारोपणानेही व्हावी, असे आम्हाला वाटते.

आपण उत्साहाने पिंपळ लावतो. तो बोधिवृक्ष आहे आणि त्याची फळे तांबट, साळुंकी, हरियाल आवडीने खातात. पण अरुंद आवारात त्याची मुळे भिंती फोडतात. पिंपळ व उंबर मोकळ्या मैदानातच लावावेत. आपल्या वस्तीत बहुतेकांना अंगण नसते. विहाराचे आवार हेच सर्वांचे अंगण. तेथे लहान झाडे लावावीत.

तुती : पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची फांदी पावसाळ्यात जमिनीत खोचावी. ती सहज फुटते. फळांवर बुलबुल येतात.

कढीपत्ता : याची काळी पिकलेली फळे बुलबुल व कोकीळ खातात. बी ताजे असतानाच पेरावे. जागा नसेल तर तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोके पाडून त्यातही हे झाड वाढते. घरच्या फोडणीची सोय होते ती वेगळीच.

करवंद : कुंपणासाठी उत्तम. काटेरी असल्याने गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, पाणीही फारसे लागत नाही. फळे उन्हाळ्यात पिकतात, तेव्हा पाखरांना त्यांची खरी गरज असते.

घाणेरीची फळे पाखरे खातात, तरी ती लावू नये. ती माळरान व्यापते आणि तिचा पाला गुरांना विषारी असतो.

शेंड्याची फळे पाखरांसाठी राखावीत, झाडांवर विषारी औषध फवारू नये, उन्हाळ्यात उथळ भांड्यात पाणी ठेवावे. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण 1956 साली बाबासाहेबांबरोबर घेतली. मुलांच्या हातातली गलोल काढून घेताना तिच्या जागी रोप द्यावे आणि ते जगवण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच सोपवावी. मैत्रीचा पाठ मुले अशानेच शिकतील.